फळ्यापुढे कोणी उभे राहावे?

गतवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मुरुमची एक माउली आपल्या मुलास घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगा नववीत जाणारा, पाठांतरात तरबेज, गणितात बरा. परंतु जन्मापासून दृष्टी अत्यंत मंद. पुस्तक नाकाशी धरल्यावाचून त्यास अक्षर लागत नसे. प्रवेशाचे काम आटोपल्यावर बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं मास्तर व्हायचं म्हणतंय. त्याला फळ्यावरचं दिसंना, मागच्या बाकावरचं पोरगं वळखू येईना. पोरं फसवतील की हो त्याला. तुम्हीच जरा समजावून सांगा."

आम्ही "पाहू, अजून पुष्कळ वेळ आहे," असे काहीसे गुळमुळीत उत्तर देऊन त्यांची बोळवण केली. त्या उत्तरात खोटे काही नव्हते. पण खरेही काही नव्हते. ते उत्तर आम्हांस आजवर टोचत आहे. त्या माउलीस जे सांगावयास हवे होते ते आज ह्या वार्षिक अंकाच्या निमित्ताने सर्व पालकांस व विद्यार्थ्यांस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम आमचे मत स्वच्छ शब्दांत मांडतो. अपंग मनुष्याने शिक्षक व्हावे की न व्हावे, हा प्रश्न दयेच्या तराजूत तोलण्याचा नव्हे. तो योग्यतेचा प्रश्न आहे. आणि योग्यतेची कसोटी लावावयाची ती कामाला लावावी, अवयवांना लावू नये. शिक्षकाचे काम कोणते? जे आपणांस कळले आहे ते दुसऱ्यास कळेल असे करणे. ह्या कामास ज्ञान हवे, वाणी किंवा दुसरे काही संवादाचे साधन हवे, चिकाटी हवी आणि मुलांविषयी जिव्हाळा हवा. धडधाकट पाय आणि तीक्ष्ण नजर असल्यास काम सुकर होते, ह्यात शंका नाही. परंतु ती कामाची सोय झाली, कामाचा गाभा नव्हे.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्रातच ह्याचा दाखला आहे. कृष्णाकाठच्या कुरुंदवाड येथे 1872 साली एका कीर्तनकाराच्या घरी विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांच्या डोळ्यांस इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शाळेचे शिक्षण पुढे चालेना. अशा मुलाने करावे तरी काय, हा प्रश्न त्यांच्याही घरी पडलाच असेल. शेवटी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्याजवळ गाणे शिकण्यास त्यांस ठेवण्यात आले.

गाणे शिकून ते मोठे गवई झाले, एवढ्यावर ही हकिकत संपली असती तर आमच्या विषयाशी तिचा फारसा संबंध आला नसता. परंतु पलुसकरांचा खरा मोठेपणा ते शिक्षक झाले ह्यात आहे. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. 1908 साली मुंबईस त्याचे कार्य सुरू केले. त्या काळी गाण्याची विद्या घराण्याच्या चार भिंतींत कोंडलेली असे. ती त्यांनी वर्गात आणली, तिला अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिल्या, स्वरलेखनाची पद्धती बसवली आणि पाठ्यपुस्तके छापली. ज्याची नजर अधू, त्याने गाणे कागदावर उतरवण्याचा ध्यास घ्यावा, हे नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यांनी शिक्षक तयार केले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचेच शिष्य. 1931 साली मिरजेस त्यांचे देहावसान झाले. पण त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात. त्यांतील किती मुलांस ठाऊक असेल, की ह्या परीक्षांचा मूळ गुरू डोळ्यांच्या दुखापतीमुळे शाळेतून दुरावलेला एक मुलगा होता?

मुरुमच्या वाचकांस आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल, कारण आमचा मुलूख कानडी सीमेला चिकटलेला आहे आणि येथल्या कित्येक घरांत दोन्ही भाषा नांदतात. सीमेपलीकडे गदग येथील वीरेश्वर पुण्याश्रमाचे पंचाक्षरी गवई अंध होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पुट्टराज गवई हेही अंध. 1914 साली जन्मलेले पुट्टराज 2010 साली निवर्तले. तोवर त्यांनी आश्रमात असंख्य मुलांस गायन-वादन शिकवले. त्यांत अंध मुले होती, गरिबांची मुले होती, आणि जातपात कोणी विचारीत नसे. एका अंध गुरूने दुसरा अंध गुरू घडवावा आणि त्याने पुढे शेकडो घडवावेत, ही परंपरा आपल्या शेजारच्याच मुलखातील आहे.

दूरदेशीही हेच दिसते. फ्रान्समधील लुई ब्रेल वयाच्या तिसऱ्या वर्षी बापाच्या खोगिराच्या कारखान्यात हत्यार लागून पुढे पुरता अंध झाला. पॅरिसच्या अंधशाळेत तो शिकला व तेथेच शिक्षक झाला. 1829 साली त्याने प्रसिद्ध केलेल्या सहा ठिपक्यांच्या लिपीने आज जगभरचे अंध वाचतात. आपली मराठीही त्या लिपीत लिहिली जाते. अमेरिकेतील हेलन केलर हे नाव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. अंध व बहिरी अशी ही मुलगी पुढे विदुषी झाली, हे सर्व सांगतात. पण 3 मार्च 1887 रोजी तिच्या दारात येऊन उभी राहिलेली तिची शिक्षिका ॲन सुलिव्हान हीदेखील बालपणीच्या नेत्ररोगाने जवळजवळ अंध झालेली होती व अंधशाळेतच शिकलेली होती, हे सांगावयाचे राहून जाते. अंधाराशी तिची स्वतःची ओळख होती; म्हणूनच कदाचित त्या मुलीच्या अंधाराचे तिला भय वाटले नाही.

येथे कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, "ही सारी माणसे असामान्य. शिवाय ह्यांतील कोणी गाणे शिकवले, तर कोणी अंधांसच शिकवले. साध्या गावच्या साध्या शाळेत साठ मुलांच्या वर्गापुढे असा शिक्षक टिकेल काय?" हा आक्षेप रास्त आहे व त्यास सरळ उत्तर दिले पाहिजे.

अंधाने अंधांस शिकवावे, बहिऱ्याने बहिऱ्यांस शिकवावे, आणि बाकीच्यांनी त्यांचे कौतुक करावे, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. अशा विशेष शाळांची थोरवी आम्ही जाणतो. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड ह्यांनी 1900 साली मुंबईत अंधशाळा काढली, तेव्हा अंध मुलास अक्षरओळख होऊ शकते हेच पुष्कळांस नवल होते. आजही अशा शाळा हव्यात. कर्णबधिरांच्या बाबतीत तर अपंगत्व हीच पात्रता ठरली आहे: दिल्लीस 2015 साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात ही भाषा शिकवण्याची जी पदविका आहे ती खास कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे, कारण ज्याची ती रोजची भाषा, तोच ती उत्तम शिकवणार. परंतु त्यावरून अपंग शिक्षकाची जागा केवळ तेथेच, असे ठरत नाही. इतिहास, भाषा, गणित हे विषय डोळसांचे आणि आंधळ्यांचे वेगवेगळे नसतात.

आता साठ मुलांचा वर्ग. वही कशी तपासणार? विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घेऊन. त्यात विद्यार्थ्याचे वाचन सुधारते आणि चूक त्याची त्यालाच ऐकू येते. छापील मजकूर कसा वाचणार? आज साधा मोबाइल फोनदेखील मजकूर वाचून दाखवतो. शिवाय ब्रेल पुस्तके व ध्वनिमुद्रित पुस्तके आहेत. फळ्यावर कोण लिहिणार? पाळीपाळीने मुलेच लिहितील, आणि ज्या मुलाचे अक्षर वाईट त्यास ही उत्तम शिक्षा होईल. ज्याचे पाय अधू आहेत त्यास वर्ग तळमजल्यावर द्यावा, दारापाशी उतार बांधावा, फळा हातभर खाली लावावा. एवढी व्यवस्था गावचा गवंडी आणि सुतार दोन दिवसांत करील. आम्ही ज्यास अशक्य म्हणतो ते पुष्कळदा केवळ एका पायरीच्या उंचीचे असते.

कायद्याने तर हा मार्ग आधीच मोकळा केला आहे, पण ते कित्येक पालकांस ठाऊक नसते. 1995 च्या कायद्याने अपंगांस सरकारी नोकरीत 3 टक्के जागा राखून दिल्या होत्या. त्याची जागा घेणाऱ्या 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली व राखीव जागा किमान 4 टक्के केल्या. निदान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र ज्यास मिळते त्यास ह्याचा लाभ घेता येतो. इतकेच नव्हे, तर सरकारने शिक्षक तयार करावेत व नेमावेत, आणि त्यांत ब्रेल व सांकेतिक भाषा जाणणारे अपंग शिक्षकही असावेत, असे ह्या कायद्याच्या 17 व्या कलमात लिहिले आहे. म्हणजे अपंग शिक्षक हा शाळेने नाइलाजाने सोसावयाचा मनुष्य नसून शाळेस हवा असलेला मनुष्य आहे, ही दृष्टी कायद्यानेच घेतली आहे.

वाटचाल अशी आहे: प्राथमिक शाळेसाठी बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका, माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड.; पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी त्याखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा. ज्यास स्वतः लिहिता येत नाही त्यास परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासामागे किमान वीस मिनिटे अधिक मिळतात. लेखनिक घेणे ही लबाडी नव्हे. उत्तर विद्यार्थ्याचे, हात दुसऱ्याचा, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या सवलतींविषयी एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. कानाने चांगले ऐकणारे बहिरेपणाचे आणि पायाने धावणारे लंगडेपणाचे प्रमाणपत्र मिळवतात, अशा वार्ता आपण वाचतो. जो असे करतो तो सरकारास फसवतोच. पण त्याहून मोठा घाव तो खऱ्या अपंगावर घालतो, कारण त्याच्यामुळे प्रत्येक अपंग शिक्षकाकडे लोक संशयाने पाहू लागतात. खोट्या प्रमाणपत्राने मिळालेल्या जागेवर बसून मुलांस सत्य बोलण्याचा पाठ कोणत्या तोंडाने द्यावयाचा? पालकांनी आपल्या मुलांस ह्या वाटेने कदापि जाऊ देऊ नये.

शिक्षकाच्या जागेचे मोल आमच्या भागास सांगावे लागत नाही. निजामी राजवटीत, 1921 साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचा पुढारी एका खेड्यातल्या शाळेतून आला, हे ह्या मुलखाचे भूषण आहे. शिक्षकपद एवढे मोलाचे, म्हणूनच ते भलत्यास देऊ नये, असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याशी सहमत आहोत. मात्र 'भलता' कोण? ज्यास विषय येत नाही तो, ज्यास मुलांचा कंटाळा आहे तो, जो घड्याळाकडे पाहत तास ढकलतो तो. कुबडी घेऊन वर्गात वेळेवर येणारा त्यांत बसत नाही.

आणखी एक विचार पालकांनी करावा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. गणपती विसर्जनाची रात्र उलटून लोक झोपले होते आणि किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे क्षणात मातीखाली गेली. हजारो माणसे मेली. जी वाचली त्यांतील कित्येकांचे हात, पाय, कणा कायमचे अधू झाले. आदल्या संध्याकाळी ही सारी माणसे धडधाकट होती. अपंगत्व हे अमक्याच्या घरचे आणि तमक्याच्या घरचे नव्हे, असे ज्या भूमीने एका पहाटेत शिकवले, त्या भूमीत तरी अपंगास 'ते लोक' म्हणून बाजूस सारणे शोभत नाही. कायदाही हे ओळखतो. नोकरीत असता अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर उतरवता येत नाही. ते काम झेपत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. मग जो आधीपासूनच अपंग आहे व शिकून तयार झाला आहे, त्यास उंबरठ्यावरच का अडवावे?

दोष केवळ इतरांस देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आरंभी सांगितलेला मुलगा आमच्या वर्गात आल्यावर आम्ही त्यास उघड वाचनातून सूट दिली होती. अक्षर बारीक, मुलगा अडखळेल, इतर हसतील, असा आमचा विचार. त्यास आम्ही मायाळूपणा समजलो. वस्तुतः आम्ही त्याचा वाचण्याचा हक्क काढून घेतला होता आणि वर्गास न सांगता सांगितले होते, की हा तुमच्यातला नव्हे. घरोघरी असेच होते. "तू बस, आम्ही करतो," हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते आणि मुलाचे मनगट त्याने लुळे पडते. पालकहो, अपंग मुलास घरकामातून सूट देऊ नका, अभ्यासातून तर मुळीच देऊ नका. त्यास पाणी भरता येत नसेल तर हिशेब लिहू द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी करू द्या.

यंदाच्या 5 सप्टेंबरला, शिक्षकदिनी, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दहावीच्या विद्यार्थ्यांनी खालचे वर्ग चालवावयाचे होते. ह्या मुलाने स्वतः येऊन पाचवीचा भूगोलाचा तास मागितला. आम्ही क्षणभर घुटमळलो, आणि मग दिला. आम्ही मागच्या दारापाशी उभे राहून ऐकत होतो. त्याने हजेरी घेतली, तेव्हा एका खोडकर मुलाने गैरहजर मित्राच्या क्रमांकासही "हजर" म्हटले. हा न थांबता म्हणाला, "सात नंबर, तू अकरा नंबर कधीपासून झालास?" वर्ग हसला, सात नंबरही हसला, आणि पुढे तासभर कोणी तो प्रयोग केला नाही. मग त्याने सर्वांस डोळे मिटावयास सांगितले. "मुरुमच्या वेशीत उगवतीकडे तोंड करून उभे आहात असे समजा. सोलापूर कोणीकडे? हैदराबाद कोणीकडे? आळंद कोणीकडे? बोट दाखवा आणि मग डोळे उघडा." डोळे उघडल्यावर चाळीस बोटे चाळीस दिशांस पाहून जो गलका झाला, तो आम्ही थांबवला नाही. घंटा झाली तेव्हा पश्चिम, पूर्व आणि दक्षिण ह्या मुलांच्या अंगात मुरल्या होत्या. वीस वर्षे आम्ही दिशा शिकवीत आहोत. डोळे मिटून त्या शिकवाव्यात हे आम्हांस सुचले नव्हते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे अपंग आहेत त्यांस आम्ही गोड गोष्टी सांगणार नाही. तुम्हांस इतरांहून अधिक श्रम करावे लागतील. प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागतील. मुलाखतीत कोणी तुमच्या विद्येऐवजी तुमच्या काठीकडे पाहील. तरी विषय असा पक्का करा, की पहिल्या पाच मिनिटांनंतर वर्गास काठीचा विसर पडावा. आणि जे धडधाकट आहेत त्यांस एवढेच सांगणे, की उद्या असा शिक्षक तुमच्या वर्गात आला तर त्याची परीक्षा खोड्यांनी पाहू नका. प्रश्न विचारून पाहा.

राहिली ती माउली. बाई, आपण विचारले होते, पोरे ह्यास फसवतील का? फसवण्याचा प्रयत्न करतील. ती आम्हांसही फसवू पाहतात. आपल्या मुलाचे कान त्यांस पुरून उरतील. त्यास समजावून सांगा, असे आपण म्हणाला होता. समजूत आमचीच पटावयाची होती, ती पटली आहे. बारावीनंतर पदविकेच्या प्रवेशाचा अर्ज भरावयास त्यास घेऊन या. लेखनिक म्हणून बसण्यास आमच्या शाळेतील मुले तयार आहेत.